झाकलेलं मडकं

बाळंतिणीच्या घरी झाकलेलं मडकं न्यायचं नाही, हे आमच्या अखार्नाय गावातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. टोपली न्या, उघडं वाडगं न्या, पण मडक्यावर झाकण दिसलं की विहिरीवरच्या बाया एकमेकींकडे बघतात. ज्यांना पोर नको असतं ते मडक्यात घालून टाकून येतात आणि ज्यांना हवं असतं ते तसंच मडक्यातून आणवतात, असं इथे सगळे धरून चालतात. तोंडात मेणाचा गोळा कोंबला की पोर रडतही नाही म्हणे. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले. तरी लिसिल्लाच्या घरी मी कोबीचं कालवण नेलं ते झाकण लावून, कारण वाटेत कोळशाच्या भट्ट्यांची राख उडत होती. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

लिसिल्ला माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. तिची आई लवकर गेली, तेव्हा पोरीला न्हाऊमाखू घालून वाढवली ती मी. पुढे गावातल्याच केफिसॉनशी तिचं लग्न लागलं. गाढवांवरून कोळसा शहरात पोचवणारा साधा मुलगा, पण तिला जपायचा. तिचा भाऊ लढाईच्या जहाजावर गेला तो परत आलाच नाही. त्या दुःखाने दीर खंगले आणि ऑलिव्हची झोडणी संपता संपता तेही गेले. लिसिल्लाला तेव्हा दिवस गेलेले होते, पोट चांगलं दिसायला लागलं होतं.

दिरांचं क्रियाकर्म आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी आमचे हे, फिलाग्रोस, जवाची भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दादाची जमीन आता मोकळी झाली."

"मोकळी कशी? लिसिल्ला आहे की."

"तेच म्हणतोय. जमीन तिच्यासोबत येते. आणि ती माझ्याकडे येते."

मला कळलं नाही असं नाही. आमच्याकडे मुलगी बापाच्या जमिनीची मालकीण होत नाही, त्या जमिनीला दाव्याने बांधलेली असते. तिला भाऊ उरला नाही, की बापाच्या सख्ख्या भावाने यायचं आणि जमीन नि मुलगी दोन्ही घेऊन जायचं. तिचं लग्न झालेलं असलं तरी ते मोडून. एकच गोष्ट त्याला आडवी येते. तिच्या मांडीवर मुलगा असला तर जमीन त्या नातवाची ठरते आणि मग तिला कुणी हात लावू शकत नाही.

"काका आहात तुम्ही तिचे," मी म्हणाले. "खांद्यावर बसवून द्राक्षं खायला घातलीत तिला."

"कायदा काकालाच देतो. कायदा मी केला का?"

"आणि माझं काय?"

"तुझा भाऊ आहे की पायानियाला. चांगला माणूस आहे. मी काही तुला वाऱ्यावर सोडत नाही."

इतक्या वर्षांच्या संसाराचा निकाल त्यांनी भाकरीचा तुकडा तेलात बुडवता बुडवता लावला. मी विचारलं, "आणि तिला मुलगा झाला तर?"

त्यांनी ऑलिव्हची बी अंगणात थुंकली. "मुलगी होईल. पोट बघितलंस ना, कसं पसरट आहे ते."

जन्मात कधी बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा न ओलांडलेला माणूस मला पोटाचे आकार शिकवत होता. मी भांडी उचलली. कुंपणच शेत खायला निघालं तर दाद कुणाकडे मागायची, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्या दिवसापासून माझं घर त्या पोरीच्या पोटात होतं. मुलगा झाला तर ती वाचणार, मीही वाचणार. मुलगी झाली तर ती माझ्या चुलीपाशी येणार आणि मी भावाच्या दारात. बाळंतपण सांभाळणाऱ्या आर्टेमिसच्या देवळात मी इतक्यांदा गेले की पुजारीणबाई म्हणाली, "अगं, या वयात तुला कुठलं मूल गं?"

आणि मग एका सकाळी केफिसॉन स्वतःच धावत आला. तोंड पांढरंफटक. "काकू, मानिया आलीये, पण लिसिल्ला तुम्हालाच हाका मारतेय."

बाळंतिणीला दूध यावं म्हणून आम्ही कोबी देतो, तो मी आधीच चुलीवर चढवला होता. मडकं उचललं, झाकण टाकलं आणि निघाले. पुढच्या दारात पुरुष बसले होते म्हणून मागच्या दाराने गेले. मागे विहीर. विहिरीवर बाया होत्या. त्यांनी पाहिलं, मी मान हलवली, त्यांनीही हलवली.

मानिया ही सुईण फ्रिजियाकडची. आधी कुणाची तरी गुलाम होती, आता मोकळी. अर्धं गाव तिच्या हातांतून जगात आलेलं, त्यामुळे ती कुणालाच भीत नाही. "आलीस? ठेव ते मडकं आणि हिला मागून धर. रडणं नंतर."

मी लिसिल्लाच्या काखांत हात घालून तिला धरलं. तिचे केस घामाने ओले झाले होते. "काकू, मुलगी झाली तर?"

"मुलगी झाली तर मुलगी. आत्ता जोर लाव."

तिच्या खांद्यावरून मला सगळं दिसत होतं. आधी डोकं आलं, मग एक खांदा. नाळ त्या खांद्यावर आडवी पडली होती. मानियाने अंगठ्याने दाबून ती बाजूला सारली आणि पोर सुळकन बाहेर आलं. तिने ते उलटं धरून माझ्यापुढे केलं. "बघ गं बाई, नीट बघून घे. नंतर कुणी म्हणायला नको." मुलगा होता. नाळ अजून आईतच होती.

अंगणातल्या ऑलिव्हची डहाळी मीच तोडली, वळून तिचं कडं केलं आणि पुढच्या दाराला अडकवलं. मुलगा झाला की आमच्याकडे ऑलिव्ह, मुलगी झाली की लोकरीचा झुबका. लोकरही मी कमरेला खोचून नेली होती. ती तशीच घरी परत आणली आणि त्या दिवशी सूत काततानाही गाणं म्हटलं.

फिलाग्रोसनी दारावरचं कडं पाहिलं, घरी आले आणि जेवून झोपले. मला वाटलं, पचलं. दुसऱ्या दिवशी ते विहिरीकडून आले.

"त्या मडक्यात काय होतं?"

"कोबी."

"बायका म्हणतात जड होतं. दोन्ही हातांनी धरलं होतंस."

"उकळता कोबी दोन्ही हातांनी नाही तर काय डोक्याने धरू?"

"येताना मडकं रिकामं होतं म्हणे."

"खाल्ला तिने. बाळंतिणीला भूक लागते हो. तुम्हाला नुसतं बसून लागते."

एरवी ते हसले असते. हसले नाहीत तेव्हा मी ओळखलं, की हा माणूस खरं काय ते कळावं म्हणून विचारत नाहीये. त्यांना ते मडकं हवं होतं. मी त्यांच्या हातात आयतं दिलं होतं.

बघता बघता 'मडक्यातलं पोर' हे नाव गावभर झालं. ज्या बायांची मुलं मानियाच्या हातून झाली, त्याच म्हणू लागल्या की तिचं काही सांगता येत नाही, परकी बाई. फिलाग्रोस दावा लावायला निघाले. केफिसॉन म्हणाला, लावा. पण साक्ष कुणाची काढणार? खोलीत आम्ही बायाच होतो आणि बाईची साक्ष आमच्याकडे न्यायसभेत चालत नाही. चारचौघांत बाईचं नावसुद्धा घेत नाहीत, अमक्याची बायको म्हणतात. शेवटी दोघांनी मिळून निकोबुलोस नावाच्या म्हाताऱ्याला पंच नेमलं. त्याने सांगितलं, बाईची साक्ष चालत नसली तरी शपथ चालते. दोन्ही बाजूंनी आधी मान्य करायचं आणि शपथ झाली की वाद संपला.

फिलाग्रोसच पुढे झाले. "खोलीत माझी बायको होती. तिने अपोलोच्या वेदीपाशी, आमच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगावं की ते पोर लिसिल्लाच्या पोटचं आहे. सांगितलं, तर मी दावा सोडतो. नाही सांगितलं, तर लिसिल्ला आणि जमीन माझी."

केफिसॉनने ताबडतोब मान्य केलं. बिचाऱ्याला वाटलं, काकू तर आपलीच. आई नावाच्या प्राण्याची त्याला अजून ओळख नव्हती. फिलाग्रोसना होती.

घरी आल्यावर ते माझ्याशी फार गोड बोलले. "हे बघ, मी लिसिल्लाला स्वतःसाठी मागतच नाही. मी हक्क सोडला की पुढचा हक्क आपल्या थ्रासॉनचा. आपल्या पोरासाठी मागतो. तू इथेच राहा, सून येईल, दादाची खालची जमीन येईल, पोरगा धुरातून सुटेल. मी तुला खोटं बोलायला सांगतोय का? फक्त वेदीपाशी म्हण, मला शपथ घ्यायची नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवायला आईचं काळीज धजावलं नाही, तर कोण नावं ठेवेल?"

"आणि घेतली तर?"

"तर पायानियाची वाट तुला माहीत आहे."

हा माणूस मूर्ख नव्हता. खोटं बोल म्हणाला असता तर मी त्याच्या तोंडावर नाही म्हटलं असतं. त्याने मला नुसतं गप्प बसायला सांगितलं, आणि गप्प बसायची सवय आम्हा बायांना लहानपणापासूनच असते.

थ्रासॉन आमचा एकुलता एक. नुकताच तो वयात आला म्हणून गावाने त्याला जाणत्या पुरुषांत घेतला होता. पाळण्यात असल्यापासून त्याला धुराचा खोकला. बापाचा धंदा कोळशाचा, म्हणून दिवसभर भट्टीवर, आणि घरी आला की कितीतरी वेळ भिंतीला टेकून श्वास गोळा करत बसायचा. खालच्या जमिनीवर नदी होती, वेली होत्या, स्वच्छ वारा होता. त्याला लिसिल्ला नको होती, ती तर त्याची ताईच. त्याला तो वारा हवा होता.

मी भाकरी घेऊन भट्टीवर गेले. तो लाकडांच्या ढिगावर ओली माती थापत होता.

"बाबा काय म्हणाले ते ऐकलंस ना?" त्याने विचारलं.

"ऐकलं. तो लिसिल्लाचाच मुलगा आहे, थ्रासॉन. मी होते तिथे."

"बाबा म्हणतात, तू तिला वाचवायला असं बोलतेस."

"तुझा बाबा म्हणजे कोळसा आहे, उगाळावा तितका काळाच. अरे, माझं घर तर मी गप्प बसले तर वाचतं. एवढं तरी डोकं चालव."

त्याने मनगटाने तोंड पुसलं, माती आणखीच पसरली. "मला ते काही कळत नाही. मला श्वास पाहिजे, आई."

मी भाकरी ठेवली आणि उतरले. उतरताना मनाशी म्हटलं, गप्प बसायचं. लिसिल्ला तरुण आहे, सोसेल. ते बाळ बापापाशी राहील, आईवाचून वाढेल आणि जन्मभर मडक्यातला म्हणवला जाईल. जगात किती जण काय काय म्हणवून घेऊन जगतात.

वाटेत लिसिल्लाकडे डोकावले. बाळ पीत होतं. ती रडली असती, पाया पडली असती तर मला बरं झालं असतं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही शपथ नाही घेतलीत तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही. थ्रासॉनचा खोकला मलाही माहीत आहे."

"म्हणायला पाहिजेस," मी ओरडले. "शिव्या द्यायला पाहिजेस मला." बाळ दचकून रडायला लागलं आणि मी तिथून निघाले. देवळात जायचा दिवस उजाडला तरी आपण काय करणार हे मला ठाऊक नव्हतं.

वेदीपाशी बरेच पुरुष जमले होते. मी शाल डोक्यावरून पुढे ओढली होती. मागे खांबाशी लिसिल्ला बाळाला घेऊन उभी, शेजारी केफिसॉन. निकोबुलोसने वेदीवर जव टाकले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "फिलाग्रोसची बायको शपथ घेणार, की नाही?"

थ्रासॉन ठरल्याप्रमाणे पुढे आला, मान खाली घालून माझ्याजवळ उभा राहिला. हात उचलायचा की नाही हे मी अजून ठरवत होते. हात आपोआपच थोडा वर झाला असावा. आणि माझा मुलगा झटकन दोन पावलं मागे सरला.

मागून कुणीतरी हसलं. फिलाग्रोस म्हणाले, "बघा. पोटच्या पोरालाच भरवसा नाही."

"डोक्यावर हात नाही, तर शपथ नाही," निकोबुलोस म्हणाला. "असंच ठरलंय."

तिथेच सगळं संपलं असतं. हात खाली घ्यायचा, घरी जायचं, चूल पेटवायची. मला कुणी दोष दिला नसता, लिसिल्लानेसुद्धा नाही. पण तो मागे सरला ती जागा मला दिसत होती. ज्याला मी माझ्या अंगावर वाढवला, त्याला वाटत होतं की ही बाई आपल्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणार आहे. मला इतका राग आला की घर, जमीन, खोकला, सगळं त्यापुढे पुसलं गेलं.

"थ्रासॉन, इकडे ये."

"आई, नको."

"मी तुझा जीव गहाण ठेवून खोटं बोलेन, असं वाटतं तुला? बोल, सगळ्यांसमोर बोल."

त्याने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला भीती वाटते," तो म्हणाला. अगदी हळू, लहानपणी अंधारात म्हणायचा तसा.

"मलाही वाटते. ये."

तो आला. त्याच्या केसांना धुराचा वास येत होता. मी एक हात वेदीवर आणि एक त्याच्या डोक्यावर ठेवला आणि सांगितलं, "झ्यूस, अपोलो आणि डिमीटर ऐकत आहेत. केफिसॉनच्या घरातला मुलगा लिसिल्लाच्या पोटचा आहे. मी त्याला जन्मताना पाहिलं. हे खोटं असेल तर माझा निर्वंश होवो." या वेळी तो माझ्या हाताखालून सरला नाही.

लिसिल्ला वाचली. बाळाला नाव मिळालं, आजोबांचंच, लिसानियास. मला फिलाग्रोसनी घरात पाऊलही टाकू दिलं नाही. माझं गाठोडं त्यांनी आधीच अंगणात आणून ठेवलं होतं. मुलं बापाची असतात, तेव्हा थ्रासॉन तिथेच राहिला. मी निघाले तेव्हा तो बाहेर आला नाही. आतून खोकला ऐकू आला.

पायानियाला भावाच्या घरी मला वाईट वागवलं असं म्हणणार नाही. भावजय फक्त एवढंच म्हणायची, "वन्सं, तुमच्या खरं बोलण्याने आमच्याकडे एक तोंड वाढलं." मी दिवसभर सूत कातायचे. अखार्नायहून येणाऱ्या माणसांना थ्रासॉनबद्दल विचारायचे. सगळे म्हणायचे, ठीक आहे, भट्टीवर आहे.

डाळिंबं उतरायच्या दिवसांत केफिसॉन गाढव घेऊन दारात आला. खाली उतरला, पण आत येईना.

"काकू, थ्रासॉन पडून आहे. ताप आहे. छाती भरलीये."

"गावात काय म्हणतात?"

तो गाढवाच्या कानाशी चाळा करू लागला. "जाऊ द्या ना."

"सांग."

"म्हणतात, देवाच्या काठीला आवाज नसतो."

मी शाल घेतली आणि निघाले. भावाला विचारलंही नाही. टेकडीची वाट लांब आहे आणि त्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, ती म्हणजे नाळ. खांद्यावर आडवी पडलेली, मानियाच्या अंगठ्याखाली दबलेली. ती मी पाहिली होती. पण मग वाटलं, खरंच पाहिली, की इतक्यांदा सांगून सांगून ती माझ्या डोळ्यांपुढे तयार झाली? मी लिसिल्लाचा घाम पुसायला खाली पाहिलं होतं का? एखादा क्षण? एका क्षणात मानिया काय करू शकली असती? मडकं तर माझंच होतं, त्यात कोबी मीच घातला होता, हे मला माहीत होतं. तरी टेकडी उतरेपर्यंत मला त्या मडक्याचीसुद्धा शंका यायला लागली. गावाने जे मला इतके दिवस सांगितलं होतं, ते आता मीच मला सांगत होते.

फिलाग्रोस दारात उभे होते. म्हातारे दिसत होते.

"बघ, काय केलंस ते."

"त्याला धुरात कुणी उभं केलं?"

"आणि धुरातून सुटायची वाट कुणी बंद केली?"

ते बाजूला झाले आणि मी आत गेले.

थ्रासॉनच्या गालांची हाडं वर आली होती. खोलीत कोंडून ठेवलेली हवा, आणि त्यातच कोपऱ्यात शेगडी धुमसत होती. मी आधी ती शेगडी उचलून अंगणात फेकली आणि खिडकीची झडप उघडली. मग त्याच्या उशाशी बसले. त्याने माझा हात धरला.

"आई, शपथ मागे घे."

"काय?"

"बाबा म्हणतात, पंचांसमोर जाऊन मागे घेतलीस तर देव सोडेल. मी जगेन." श्वास घ्यायला तो थांबला. "जमिनीसाठी नाही म्हणत. खरंच नाही. मला मरायचं नाही."

माझं पोर माझ्याकडे जीव मागत होतं. त्या क्षणी मी काहीही म्हटलं असतं. मडक्यात पोर होतं म्हटलं असतं, मीच मेण कोंबलं म्हटलं असतं. शब्द ओठांवर आले होते. मग कळलं, की शपथ मागे घेतली तर ती आत्ता खोटी होईल, त्याच्याच डोक्यावरची. आणि न घेतली, आणि मला जे आठवतं ते चुकीचं असलं, तर ती आधीपासूनच खोटी आहे. दोन्हीकडे गहाण तोच होता. मला मनाने त्या बाळंतपणाच्या खोलीत परत जाऊन बघावंच लागलं.

मी डोळे मिटले. लिसिल्लाचे ओले केस. तिचा खांदा. मानियाचा अंगठा, आणि त्या अंगठ्याच्या नखावर एक काळा डाग होता, चेचल्याचा. हा डाग मी कधी कुणाला सांगितला नव्हता. पंचांना नाही, केफिसॉनला नाही. सांगून तयार झालेली गोष्ट नव्हती ती. त्या नखाखाली निळसर नाळ, आणि ती आतून आलेली.

"मी नाही मागे घेणार," मी म्हणाले. "तो तिचाच आहे. मी पाहिलंय, बाळा. तुझ्या डोक्यावर खोटं नाही ठेवलेलं."

त्याने माझा हात सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी तिथून हलले नाही. फिलाग्रोसनी मला जा म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी गेले नसते. ओव्याच्या वाफा दिल्या, छातीला तेल चोळलं, पिईल तितकं मधाचं पाणी पाजलं. लिसिल्ला बाळाला कडेवर घेऊन रोज दारापर्यंत यायची आणि तिथूनच परत जायची. तिला आत बोलवायची माझी हिंमत होत नव्हती. त्या बाळाकडे बघवतही नव्हतं. एकाचं जगणं दुसऱ्याच्या नावावर लिहिल्यासारखं झालं होतं, आणि ते मीच केलं होतं.

मग एका सकाळी थ्रासॉनचं अंग हाताला गार लागलं. मला वाटलं, गेला. तो घामाने भिजला होता आणि झोपला होता.

बसता यायला लागल्यावर मी त्याला उन्हात, अंगणातल्या बाकावर आणून बसवलं आणि हातात जवाच्या पेजेचं वाडगं दिलं. फिलाग्रोस भट्टीवर गेले होते. वेशीपलीकडून धूर वर चढत होता, पण वारा दुसरीकडचा होता. तो सावकाश पेज प्यायला, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे बघून हसला.

"आई, तू खरंच बोलली होतीस."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? वाचलो की मी."

मी त्याच्या पायांवरची शाल नीट केली. "आणि मेला असतास तर?"

तो वाडग्यात बघत राहिला. काहीतरी म्हणणार होता, पण त्याला खोकला आला, आणि आम्ही दोघंही तो थांबायची वाट बघत बसलो.